गादीवाल्याचा फोम विमानात का नको

झाशीच्या किल्ल्याखाली, जुन्या गावात बडा बाजार आहे. झाशीवर राज्य करणाऱ्या नेवाळकरांच्या मागोमाग या मुलखात आलेल्या मराठी घरांपैकी एक माझ्या मामांचं. दोन-तीन वर्षांतून एकदा माझी तिकडे चक्कर होते. गेल्या खेपेला मी बाजारातल्या एका गादीवाल्याकडून इंचभर जाडीचा करडा फोम घेतला. "ले जाइए, फायरप्रूफ है," दुकानदार म्हणाला. कोणत्या चाचणीत, असं विचारल्यावर त्यानं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "कंपनी का माल है, भाईसाहब."

घरी आल्यावर मामांनी विचारलं, "काय रे, गादी करायचीय की काय?"

"नाही मामा, जाळायचाय."

मामा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. नुसतं एवढंच म्हणाले, "मग गच्चीवर जा. आणि पाण्याची बादली आधी भरून ठेव."

या उद्योगाचं कारण विमान होतं. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, हे बहुतेकांना आठवत असेल. 2016 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला, 2019 मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी धुळ्यात त्याच्या चाचण्या झाल्या. गच्चीवर विमान होऊ शकतं म्हटल्यावर आपल्याकडच्या पोरांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. त्यातल्या दोघा-तिघांशी बोलताना मला एक गंमत दिसली. पंख, इंजिन, वजन यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता, पण "आत आवाज फार होईल, त्याचं काय?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "फोम चिकटवू." जणू काही तो भिंतीला रंग देण्याइतका साधा प्रकार आहे.

तो तसा नाही. पण आगीकडे जाण्याआधी आवाजाचंच बघू, कारण इथं पहिली फसगत होते.

छोट्या पिस्टन इंजिनाच्या विमानात आत बसलेल्याच्या कानाशी नव्वद ते शंभर डेसिबल आवाज असतो. हा आवाज येतो कुठून? दोन पात्यांचा पंखा मिनिटाला 2400 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 40 फेरे झाले आणि पाती दोन, म्हणजे सेकंदाला 80 वेळा हवेला थप्पड बसते. चार सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन त्याच वेगानं फिरत असेल तर त्याचे धडाकेही सेकंदाला 80. दोघं मिळून एक जाड, खर्जातला घुमारा तयार करतात. 80 हर्ट्झच्या या आवाजाची तरंगलांबी सव्वाचार मीटरच्या आसपास भरते. सच्छिद्र फोम आवाज कसा शोषतो? हवेचे कण त्याच्या छिद्रांतून मागेपुढे घासत जातात आणि त्या घर्षणात आवाजाची ऊर्जा उष्णता होऊन विरते. पण पत्र्याला चिकटून हवा फारशी हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते पत्र्यापासून पाव तरंगलांबीवर. आपल्या घुमाऱ्यासाठी हे अंतर मीटरभर आलं. म्हणजे विमानाचा खर्ज फोमनं शोषायचा तर मीटरभर जाडीचा फोम हवा, आणि मग माणसांना बसायला जागा उरणार नाही. इंचभर फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातो: वाऱ्याची शीळ, पत्र्याची किरकिर, गिअरची कुई. कान सुखावतो, घुमारा जागच्या जागी राहतो.

खर्ज अडवायला वजन लागतं. आवाज पत्र्याला हलवून पलीकडे जातो. पत्रा जड, तर तो कमी हलतो. वजन दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल पदरात पडतात. विमानाच्या अंगाचा 0.8 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा चौरस मीटरला सव्वादोन किलो भरतो, तेव्हा सहा डेसिबलसाठी प्रत्येक चौरस मीटरवर आणखी सव्वादोन किलो लादावे लागतील. हे कोणत्याही विमानबांधणाऱ्याला परवडत नाही. मग स्वस्तातला उपाय कोणता? फटी बुजवणं. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का भाग उघडा राहिला, तर उरलेली भिंत कितीही भारी असो, वीस डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. दाराच्या कडेची रबरी पट्टी, तारा जातात त्या भोकांची बुजवणी, थरथरणाऱ्या पत्र्यावर मधोमध लावलेले कंपन मारणारे छोटे तुकडे आणि डोक्यावर चांगला हेडसेट, एवढ्यानं बहुतेक काम होतं. आवाजाला उलटा आवाज देऊन मारणारे इलेक्ट्रॉनिक हेडसेट नेमके त्या खर्जावरच चालतात, जिथं फोम हात टेकतो.

आता तोच फोम आगीच्या बाजूनं पाहू.

लहान केबिनची भिंत, छत आणि आसनांमागचा भाग मिळून अडीच चौरस मीटर धरला, त्यावर इंचभर फोम लावला आणि घन मीटरला तीस किलो हा नेहमीचा गादीचा हिशेब धरला, तर एकूण फोम भरतो दोन किलोच्या जरा आत. हलका वाटतो ना? पण हा पॉलियुरेथेन, म्हणजे खनिज तेलाच्याच घराण्यातला. जळताना तो किलोमागे साधारण 25 मेगाज्यूल उष्णता देतो. पेट्रोल देतं 44 च्या आसपास. म्हणजे आपण केबिनच्या भिंतींवर दीड लिटर पेट्रोल वाळवून लावलं, असं समजायला हरकत नाही. टाकीतल्या पेट्रोलसाठी आपण झडपा बसवतो, गाळण्या बसवतो, नळ्या अग्निरोधक बाहीत घालतो. भिंतीवरच्या या पेट्रोलला मात्र नुसता सरस लावतो.

शिवाय हे इंधन पेटायला विलक्षण आतुर असतं. चुलीत अख्खा ओंडका घातला तर तो तापत बसतो, ढलप्या काढून घातल्या की भरकन पेट घेतात. ओंडक्याला दिलेली उष्णता आत आत पसरते, ढलपीत तिला पळायला जागा नसते. फोम म्हणजे ढलपीचीही ढलपी: बहुतेक हवा, आणि तिच्याभोवती कागदाहून पातळ भिंती. ज्वाला टेकली की पृष्ठभाग क्षणात तापतो, खालचा भाग गारच राहतो, म्हणून पेटायला सेकंदही पुरतात. पेटल्यावर तो वितळून थेंब थेंब गळतो, आणि थेंबही जळत असतात. छताला लावलेला फोम असा गळू लागला तर पायाशी असलेल्या गालिच्याला दुसरी आग लागते.

धूर तर त्याहून वाईट. पॉलियुरेथेनमध्ये नायट्रोजन असतो, त्यामुळे हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. घरात आग लागली तर माणूस जिना उतरून पळतो. तीन हजार फुटांवर असलेला वैमानिक जिवाच्या आकांतानं मिनिटाला दीड हजार फूट खाली आला तरी दोन मिनिटं जातात, आणि त्या दोन मिनिटांत त्याला दिसलंही पाहिजे, समजलंही पाहिजे, आणि शेवटी विमान टेकवताही आलं पाहिजे.

आवाजासाठी लावलेला फोम किती वेगानं पेटतो याची जगानं पाहिलेली साक्ष जमिनीवरचीच आहे. 20 फेब्रुवारी 2003 ला अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबमध्ये कार्यक्रमाच्या आतषबाजीची ठिणगी मंचामागच्या ध्वनिशोषक फोमवर पडली. सहा मिनिटांच्या आत इमारत आगीच्या तोंडात होती. शंभर माणसं गेली.

विमानाची गोष्ट मात्र अधिक शिकवणारी आहे, कारण त्यात माल बाजारू नव्हता, प्रमाणित होता. 2 सप्टेंबर 1998 च्या रात्री स्विसएअरचं उड्डाण 111 न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालं होतं. कॉकपिटमध्ये वैमानिकांना चमत्कारिक वास आला. तिथून सुमारे वीस मिनिटांत ते एमडी-11 विमान कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं आणि 229 जण मरण पावले. कॅनडाच्या तपासयंत्रणेनं साडेचार वर्षं तुकडे जुळवले. कॉकपिटच्या छतावर, माणसाच्या नजरेआड, तारेतून ठिणगी उडाली होती. ती एकटी काय करणार? तिला शेजारी मिळाली उष्णता आणि आवाज अडवणारी गोधडी. गोधडीचं आतलं काचतंतूंचं भरण जळणारं नव्हतं. पण त्याला गुंडाळलेला पातळ, धातूचा मुलामा दिलेला पॉलिएस्टरचा पापुद्रा पेटला आणि आग त्या पापुद्र्यावरून धावत गेली.

हा पापुद्रा तेव्हाच्या नियमात बसत होता. नियम असा होता: फूटभर लांब आणि तीन इंच रुंद पट्टी उभी टांगायची, खालून बारा सेकंद ज्योत धरायची आणि काढायची. पट्टी आठ इंचांहून जास्त जळता कामा नये, ज्योत पंधरा सेकंदांत विझली पाहिजे, गळलेला थेंब पाच सेकंदांहून जास्त जळता कामा नये. पातळ पापुद्रा या चाचणीत एक लबाडी करतो. ज्योत जवळ आली की तो आकसून तिच्यापासून लांब पळतो, आणि पास होतो. खऱ्या विमानात त्याला पळायला जागा नसते आणि आजूबाजूची हवाही तापलेली असते. म्हणून 2003 मध्ये अमेरिकेनं नवा नियम केला: गोधडीचा नमुना आडवा ठेवा, वरून धगीच्या पट्टीनं तापवा, मग ज्योत लावा, आग दोन इंचांच्या पुढे सरकली की नापास. त्याआधीच 2000 मध्ये तिथल्या सातशेच्या आसपास विमानांतून तो पापुद्रा काढून टाकायचा हुकूम निघाला होता.

हे सगळं प्रवासी विमानांचं. अमेरिकेत हौसेनं घरी बांधलेलं विमान 'एक्सपेरिमेंटल' गटात नोंदलं जातं आणि त्याच्या आतल्या अस्तराला अशी कोणतीही चाचणी सक्तीची नाही. बांधणारा स्वतःच कारखाना आणि स्वतःच तपासनीस. माझ्या मते या स्वातंत्र्याची किंमत हीच, की गादीवाल्याला विचारलेला प्रश्न आता स्वतःला विचारायचा: कोणत्या चाचणीत?

कारण 'फायर रेटेड' या छापाचे अर्थ पुष्कळ आहेत. मोटारीत कंपन मारायला लावतात त्या काळ्या पट्ट्या आणि फोम यांवर बहुधा मोटारीच्या नियमाचा शिक्का असतो. त्या नियमात नमुना आडवा धरतात आणि आग मिनिटाला 102 मिलिमीटरच्या वेगाच्या आत सरकली की तो पास. नीट वाचा: विझली पाहिजे असं नाही, सावकाश जळली तरी चालेल. मोटार बाजूला घेऊन उतरता येतं, म्हणून तो नियम मोटारीला पुरतो. आडवी जळणारी पट्टी उभी टांगली की ज्वाला स्वतःच वरचा भाग तापवत चढते आणि तोच माल कित्येक पट वेगानं जळतो. विमानाच्या भिंती उभ्याच असतात. 'फायर रिटार्डंट' म्हणजे पेटायला उशीर लावणारा. छोट्या ज्योतीपुढे टिकेल, मोठ्या धगीपुढे तोही इंधनच. आणि 'फायरप्रूफ' हा शब्द विमानात मुख्यतः एका भिंतीचा मान आहे.

ती भिंत म्हणजे इंजिन आणि माणसं यांच्यामधली फायरवॉल. छोट्या विमानांच्या अमेरिकी नियमांनी तिच्यासाठी जवळपास 0.38 मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा मान्य केला आहे. वेगळं काही लावायचं तर ते सुमारे 1100 अंश सेल्सिअसच्या ज्वालेपुढे पंधरा मिनिटं टिकलं पाहिजे. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, म्हणून तिथं ते चालत नाही. आता गंमत बघा. स्टीलचा पत्रा ज्वाला अडवतो, उष्णता अडवत नाही. इंजिनाकडून ज्वाला आली की पत्रा लालबुंद होतो आणि माणसांच्या बाजूनंही तेवढाच लाल असतो. त्या बाजूला कोणी आवाजासाठी फोम चिकटवला असेल तर एकही ज्वाला आत न येता केबिनमध्ये आग लागते. फायरवॉलनं तिचं काम चोख केलेलं असतं. इंजिनाचा आवाज सर्वांत जास्त याच भिंतीतून येतो म्हणून फोम लावायचा मोहही इथंच सर्वांत जास्त. या एका जागेबद्दल मला तडजोड मान्य नाही: केबिनच्या बाजूनं जळणारं काही नको. उष्णता रोखायची असेल तर सिरॅमिक तंतूंचा थर इंजिनाच्या बाजूला, त्यावर पातळ स्टेनलेसचं पान, आणि प्रत्येक तारेचं भोक आगीला टिकणाऱ्या लुकणानं बंद.

बाकीच्या भिंतींना काय लावावं? मामांच्या गच्चीवर मी तीन पट्ट्या टांगल्या. बाजारातला फोम बारा सेकंद पुरे होण्याआधीच टोकापर्यंत पेटला आणि जळते थेंब खालच्या वाळूत पडत राहिले. धुराचा रंग बघून मामा दोन पावलं मागे सरले. दुसरी पट्टी जुन्या घोंगड्याची. ती काळी पडली, फुगली, केस जळल्याचा वास सुटला, आणि ज्योत काढल्यावर थोड्या वेळात विझली. यात जादू नाही. एखादी वस्तू जळत राहायला हवेत किमान किती ऑक्सिजन लागतो, हे मोजता येतं. कापसाला आणि साध्या फोमला अठरा टक्क्यांच्या आसपास पुरतो, लोकरीला पंचविसाच्या आसपास लागतो, आणि आपल्या हवेत आहे एकवीस टक्के. धनगराच्या खांद्यावरचं घोंगडं या बाबतीत अनेक महागड्या फोमपेक्षा शहाणं आहे, फक्त जड आहे आणि पाणी धरून ठेवतं. तिसरा तुकडा भिंतीचे डाग पुसायच्या पांढऱ्या 'मॅजिक स्पंज'चा. त्याची फूटभर पट्टी मिळेना, लहान तुकड्यावरच भागवलं. तो काळा कोळसा झाला, पण गळला नाही, आग पुढे गेली नाही. हा मेलामाइनचा फोम. आवाज शोषणाऱ्या पाट्या त्याच्याच येतात, वजन घन मीटरला दहा किलोच्या आसपास, आणि रेल्वे-विमानांत तो वापरतात. त्याहून सरस पॉलिइमाइडचा फोम, पण त्याची किंमत ऐकून घरगुती विमानवाला परत फटी बुजवायला लागतो, आणि ते बरंच आहे.

घरच्या चाचणीचा निकाल एकाच बाजूनं खरा मानायचा. घरी नापास झालेला माल कायमचा नापास. घरी पास झालेला माल फक्त प्रयोगशाळेत पाठवायच्या लायकीचा.

आणि पट्टी एकटी जाळू नका. विमानात फोम एकटा नसतो. त्याच्या मागे सरस असतो, वर रेक्झिन असतं. सुकलेला रबर-सरस हेही जळण, आणि रेक्झिनचा धूर घशाला आम्लासारखा जाळतो. तीन वस्तू वेगवेगळ्या पास झाल्या म्हणून त्यांची थाळी पास होत नाही. स्विसएअरच्या गोधडीत भरण निर्दोष होतं, पापुद्र्यानं घात केला. सरस उष्णतेनं सैल पडला की अस्तर लोंबतं आणि त्याला दोन्ही बाजूंनी हवा मिळते. म्हणून जसं लावणार तसंच, त्याच सरसानं, त्याच पत्र्यावर चिकटवून जाळायचं.

राहिली एक गोष्ट, जी चाचणीत कधीच दिसत नाही. उघड्या छिद्रांचा फोम म्हणजे स्पंज. केबिनच्या जमिनीखाली इंधनाची नळी किंचित पाझरत असेल तर थेंब टपकून वास येण्याऐवजी फोम तो गुपचूप पिऊन घेतो. नवा असताना पास झालेला तोच तुकडा दोन वर्षांनी समईची वात झालेला असतो. पाणी प्यायला तर मागचा ॲल्युमिनियमचा पत्रा गंजतो आणि तो गंज तपासणीत दिसत नाही, कारण वर फोम आहे. म्हणून जमिनीखाली, नळ्यांजवळ आणि तारांच्या जुडग्यांवर काहीही चिकटवू नये. बाकी जिथं लावाल तिथं ते स्क्रूनं किंवा वेल्क्रोच्या पट्टीनं, सोडवता येईल असंच लावावं.

तुम्ही विमान बांधत नसाल, तरी गाडीच्या दारांत सजावटवाल्यानं काय चिकटवलंय किंवा मुलाच्या गाण्याच्या खोलीत भिंतीवर कोणती करडी टोकेरी गादी आहे, ते एकदा बघा. दोन इंचांची कातरण उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, चिमट्यात धरून पेटवा; धूर नाकात जाऊ देऊ नका, पोरांना लांब ठेवा. बादली मात्र आधी भरा.